हिरवा मटार: सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की लक्ष्मी मंडईत मटारचे ढीग लागतात, गल्लीबोळात हातगाड्या फिरू लागतात आणि भाव उतरला की घरात दोन-तीन किलो एकदम येऊन पडतो. त्याच सुमाराला प्रश्नही सुरू होतात. साखरेला चालतो का, वजन वाढतं का, लेकराला कधी द्यायचा. खालच्या बहुतेक उत्तरांमागे एकच हिशेब आहे, तो आधीच सांगून टाकते. मटार भाजीवाल्याकडे मिळत असला तरी तो कोवळा असतानाच तोडलेलं कडधान्य आहे. ताटात त्याला निम्मी भाजी आणि निम्मी डाळ अशी जागा द्यायची.

शंभर ग्रॅम मटारमध्ये नेमकं असतं काय?

सोललेले कच्चे दाणे १०० ग्रॅम म्हणजे साधारण एक मध्यम वाटी. त्यात ८१ कॅलरी. जवळजवळ ७९ ग्रॅम पाणीच असतं. कर्बोदकं साडेचौदा ग्रॅम, त्यातले साडेपाचच्या आसपास तंतू आणि जवळपास तेवढीच नैसर्गिक साखर. प्रथिनं ५.४ ग्रॅम, चरबी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. क जीवनसत्त्व ४० मिलिग्रॅम, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) ६५ मायक्रोग्रॅम, के जीवनसत्त्व २५ मायक्रोग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅम, मॅग्नेशियम ३३, पोटॅशियम २४४, झिंक सव्वा मिलिग्रॅम. डोळ्यांच्या पडद्याला लागणारी ल्युटिन आणि झियाझॅन्थिन ही द्रव्यं मिळून अडीच मिलिग्रॅमच्या घरात.

हे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यातले आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात प्रथिनं ७ ग्रॅमच्या थोडी वर दाखवली आहेत. दोन्ही खरे. वाण बदलला, जमीन बदलली, दाणा कोवळा की भरलेला यावरही आकडा हलतो. पण दुधी, काकडी, दोडका यांच्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आगेमागे असतात हे लक्षात घेतलं, की मटारला मी डाळीच्या रांगेत का बसवते ते कळेल.

एक किलो शेंगांतून दाणे किती निघतात?

साधारण ३५० ते ४५० ग्रॅम. म्हणजे शेंगा ४० रुपये किलो घेतल्या तर दाणा शंभरी गाठतो. सोललेला मटार महाग वाटतो तेव्हा हा हिशेब करून बघा, आणि सोलायला लागणारा वेळही त्यात धरा.

मंडईत चांगला मटार ओळखायचा कसा?

मूठभर शेंगा हातात घेऊन एकमेकींवर घासा. ताज्या असतील तर करकर आवाज येतो. शिळ्या शेंगा मऊ पडतात, नुसत्या घसरतात. मग एक शेंग मोडा. कट्कन तुटली पाहिजे, आतल्या बाजूला ओलसर चकाकी दिसली पाहिजे. दाणे एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसले असतील आणि त्यांचा रंग फिकट, साल जाड झाली असेल, तर शेंग जून झाली. असा माल उसळीला चालतो, पुलावाला नको. शेवटी एक दाणा तोंडात टाका. भाजीवाले काही म्हणत नाहीत, उलट माल चांगला असला तर तेच हातावर ठेवतात.

शेंगांची देठं काळी पडलेली असतील किंवा सालीवर पांढरट डाग असतील तर पुढच्या गाडीकडे वळा.

काल आणला तेव्हा गोड होता, आज पिठूळ का लागतो?

कारण शेंग तोडल्यावरही दाणा जिवंतच असतो. तो आपल्यातली साखर वापरत राहतो आणि उरलेल्या साखरेचा स्टार्च करत राहतो. उष्णता जितकी जास्त तितकं हे काम झपाट्यानं होतं, आणि उष्णतेची आपल्या गावाला ददात नाही. थंडीतसुद्धा दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरचा मटार काही तासांतच चवीला उतरतो. म्हणून सकाळी लवकर घ्या आणि घरी आणल्या आणल्या शेंगांसकटच फ्रीजमध्ये टाका. सोलून ठेवलेला मटार आणखी लवकर उतरतो.

गोडीचा संबंध वाणाशीही आहे. वाळल्यावर सुरकुतणाऱ्या दाण्यांचे वाण, आपल्याकडचा अर्केल त्यातलाच, मुळात जास्त गोड असतात. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गोल आणि सुरकुतलेले वाटाणे पिढ्यान्पिढ्या मोजले होते. त्यामागचं कारण मात्र १९९० मध्ये उलगडलं. सुरकुतणाऱ्या वाणात स्टार्च तयार करणारं एक विकर (एन्झाइम) नीट काम करत नाही, त्यामुळे साखर साखरच राहते. ती पाणी धरून ठेवते, आणि दाणा वाळताना पाणी उडालं की साल आक्रसते. शाळेत आनुवंशिकतेचा धडा म्हणून पाठ केलेली गोष्ट आपल्या मटार-पुलावाची गोडी ठरवते.

आपल्याकडे मटार बाराही महिने का मिळत नाही?

हे थंडीचं पीक. पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, शेंगा भरत नाहीत. मार्चनंतर सोलापुरात काय होतं ते सांगायला नको. पावसाळ्यात पुण्याजवळच्या पुरंदर तालुक्यातला वाटाणा बाजारात येतो, हिवाळ्यात मध्य प्रदेशातल्या जबलपूर भागातून आणि उत्तरेकडून माल येतो. उन्हाळ्यात गाडीवर दिसतो तो लांबून आलेला किंवा शीतगृहातला, दामदुप्पट आणि बेचव. त्या दिवसांत फ्रोजन घ्या नाहीतर सरळ दुसरी भाजी करा.

“मला शुगर आहे, मटार चालतो का ओ?”

चालतो. पण कसा खाता त्यावर सगळं आहे.

मटारचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते त्याचं माप, ५० च्या आसपास धरतात, तो कमी गटातला. तंतू आणि प्रथिनं असल्यामुळे त्यातली साखर रक्तात हळूहळू उतरते. घोळ होतो तो इथे: लोक मटारला पालेभाजीसारखा मोजतात आणि बरोबर भात, बटाटा, चपाती आहे तशीच ठेवतात. आलू-मटार, वर मटार-भात, शेजारी दोन चपात्या. अशा ताटाने साखर वाढली तर दोष एकट्या मटारचा नाही.

वाटीभर मटार घेतला तर अर्धी भाकरी किंवा अर्धी वाटी भात कमी करा. बटाट्याऐवजी मेथी, फुलकोबी किंवा पनीर घाला. त्या दिवशी वरण पातळ केलं तरी चालेल. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवणानंतर दोन तासांनी एकदा साखर तपासून बघा. तुमच्या शरीराचं उत्तर तुमच्याच मीटरवर मिळेल.

भाकरी आणि मटार ही जोडी आहाराच्या दृष्टीने कशी?

माझ्या मते मटार खाण्याची ही सगळ्यात शहाणी रीत आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यातलं लायसिन ज्वारीत फार कमी असतं आणि त्यामुळे तिच्या प्रथिनांचा शरीराला पुरेपूर उपयोग होत नाही. मटारमध्ये लायसिन भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. ज्वारीत मेथिओनिनची तेवढी कमतरता नसते. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आणि मटारची रस्सेदार उसळ एका ताटात आली की प्रथिनांचा दर्जा दोन्ही वेगवेगळे खाण्यापेक्षा वर जातो. दोन्ही एकाच घासात हवेत असंही नाही, दिवसभरात पोटात गेले तरी पुरे.

कडक भाकरी कुस्करून त्यावर गरम उसळ ओतली तर ताटात दुसरं काही लागत नाही. शेंगाचटणी मात्र चमच्यानं घ्या, मुठीनं नको. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. बऱ्याच घरांत मटारच्या रश्श्यातही कूट पडतं, वर तेलाचा तवंग, आणि मग “मटारने वजन वाढलं” असं ऐकायला मिळतं.

मग वजन कमी करायला मटार खावा का?

उकडून, परतून, सूपमध्ये: जरूर. पोट भरल्यासारखं राहतं आणि कॅलरी बेतात राहतात. करंजी, समोसा, कचोरीतला मटार: तो मटार नव्हे, तळण आहे. पाच ग्रॅमचा एक चमचा तेल म्हणजे ४५ कॅलरी, अर्ध्या वाटी मटारपेक्षा जास्त. एवढं एक गणित डोक्यात ठेवलं तरी पुरे.

“पोरगा तालमीत जातो. अंड्याऐवजी मटार चालेल का?”

एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. वाटीभर मटारमध्येही जवळपास तेवढीच. पण अंड्यातली प्रथिनं पचायला सोपी आणि अमिनो आम्लांच्या बाबतीत पूर्ण असतात. शाकाहारी घर असेल तर मटार, दूध, दही, डाळ, हरभरे, भाकरी असं मिळून मोजा. एकट्या मटारवर अंग भरणार नाही.

दुकानात “पी प्रोटीन” नावाची जी पावडर मिळते ती बहुतेक पिवळ्या वाळलेल्या वाटाण्यापासून बनते. आपल्या हिरव्या मटारशी तिचा संबंध चुलतभावाचा. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. कसून मेहनत करणाऱ्याला त्याहून जास्त लागतात, पण घरच्या जेवणात नीट मांडणी केली तर बहुतेक पोरांना पावडरचा डबा विकत आणायची गरज पडत नाही.

मटार खाल्ल्याने हिमोग्लोबिन वाढतं का?

थोडी मदत होते, चमत्कार होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. वाटीभर मटारमधून मिळतं दीड मिलिग्रॅम, आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं, कारण कडधान्यातलं फायटेट त्याला धरून ठेवतं.

इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे वरून लिंबू पिळणे. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. दुसरी चहाची वेळ. जेवण झालं की लगेच चहा, ही आपल्याकडे घरोघरची सवय. दिवसभर विड्या वळत बसणाऱ्या बायकांचा तर अर्धा दिवस चहावर निघतो. चहातली द्रव्यं लोह अडवतात. चहा सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, मीही ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच.

गरोदर बाईला फोलेटसाठी मटार चांगला. पण तिची गरज दिवसाला ५७० मायक्रोग्रॅम आणि वाटीभर मटार देतो ६५. सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मटार खाते म्हणून बंद करू नयेत.

मटार खाल्ला की पोट फुगतं. काय करावं?

मटारमध्ये रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात. त्या फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. आजार नाही हा. वाळलेल्या वाटाण्यापेक्षा कोवळ्या मटारला हा त्रास कमी.

ज्यांना सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, दाणा चांगला शिजवावा, रात्री उशिरा खाऊ नये. फोडणीत हिंग, आलं, ओवा घातल्याने बऱ्याच जणांना बरं वाटतं. आतड्याचा जुना त्रास असलेल्यांना मात्र मटार खरंच सोसत नाही. त्यांनी हट्ट करू नये.

फ्रोजन मटार निकस असतो ना?

उलट. एप्रिलमध्ये गाडीवरच्या सुकलेल्या शेंगांपेक्षा पिशवीतला मटार बहुतेक वेळा सरस निघतो. कारखान्यात हंगामातला माल तोडल्यावर काही तासांत सोलून, गरम पाण्यातून काढून गोठवला जातो. गरम पाण्यात थोडं क जीवनसत्त्व जातं, पण त्यापुढची घसरण जवळजवळ थांबते. खोलीच्या तापमानाला पडून राहिलेल्या शेंगांमधलं क जीवनसत्त्व एक-दोन दिवसांतच बरंच उतरतं. प्रथिनं, तंतू आणि खनिजं दोन्हीकडे जवळपास सारखीच. डबाबंद मटारमध्ये मात्र मीठ असतं. रक्तदाब असेल तर तो नकोच.

जानेवारीतला ताजा मटार हाताशी असताना फ्रोजन आणणं हा निव्वळ आळस, हे माझं वैयक्तिक मत.

घरी वर्षभरासाठी साठवायचा कसा?

मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळा. दाणे टाका, पाणी पुन्हा उकळायला लागल्यापासून दीड ते दोन मिनिटं मोजा. लगेच उपसून बर्फाच्या पाण्यात टाका. गार झाले की निथळून सुती कापडावर पसरा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. मग ताटात एकेरी थर लावून फ्रीजरमध्ये गोठवा आणि कडक झाल्यावर पिशव्यांत भरा. असं केलं की गोळा होत नाही, हवे तेवढे दाणे सुटे काढता येतात.

गरम पाण्याची पायरी गाळू नका. कच्चा मटार गोठवला तर त्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. दोन महिन्यांत रंग उडतो आणि गवतासारखा वास येतो. घरचा फ्रीजर सारखा उघडला जातो, शिवाय उन्हाळ्यात वीज जाते, म्हणून सहा महिन्यांत संपवलेला बरा. पूर्ण वितळलेली पिशवी पुन्हा गोठवू नका, त्या दिवशी उसळ करून टाका.

रंग हिरवागार राहावा म्हणून सोडा घातला तर?

घालू नका. सोड्याने रंग टिकतो, पण ब-१ आणि क जीवनसत्त्व नष्ट होतं आणि दाणा लगदा होतो. रंग जातो तो उष्णता आणि आंबटपणा एकत्र आल्यामुळे. तेव्हा मटार आधी कमी पाण्यात, सुरुवातीला झाकण न ठेवता शिजवा. टोमॅटो, चिंच, लिंबू नंतर. उकळल्यावर क जीवनसत्त्व ४० वरून १४ मिलिग्रॅमपर्यंत येतं. गेलेल्यातलं काही पाण्यात उतरलेलं असतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला.

सोललेल्या मटारला रंग दिलेला असतो, हे खरं का?

सगळ्यांना नाही, पण असे प्रकार होतात. वाळलेला वाटाणा भिजवून, हिरवा रंग देऊन ताजा म्हणून विकतात. तपासायला सोपं आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन थोडे दाणे टाका, ढवळा आणि अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर रंग आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच ही चाचणी सांगितली आहे. शेंगा आणून घरी सोलल्या तर हा प्रश्नच उरत नाही.

वाळलेला हिरवा किंवा पांढरा वाटाणा आणि ताजा मटार, पोषण एकच का?

नाही. वाळलेल्याच्या १०० ग्रॅममध्ये २३-२४ ग्रॅम प्रथिनं आणि साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. भिजून शिजल्यावर पाणी धरतो तेव्हा वाटीमागे आकडे बरेच खाली येतात. हा मात्र पूर्ण डाळच, निम्मी नव्हे. आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका.

बाळाला कधीपासून द्यावा?

सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की, मऊ शिजवून, गाळणीवर घासून साल काढून. अख्खा गोल दाणा घशात अडकू शकतो. चार वर्षांपर्यंत चेचूनच द्या, आणि सोलताना आजूबाजूला रांगणारं बाळ असेल तर सांडलेल्या दाण्यांवर लक्ष ठेवा. नाकात घातलेला मटार काढायला डॉक्टरकडे जावं लागतं.

कोणी जपून खावा?

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असेल त्यांनी. मटारमधलं के जीवनसत्त्व पालकाइतकं जास्त नाही, पण आज काही नाही आणि उद्या मोठं पातेलं, असं करू नये. प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियम आणि प्रथिनांचा हिशेब आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

युरिक ॲसिडवाल्यांना मटार बंद करायला सर्रास सांगतात. ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते प्युरिन मटारमध्ये मध्यम प्रमाणात असतं हे खरं. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सुमारे ४७ हजार पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यात मांस आणि मासळीमुळे गाउटचा (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा) धोका वाढलेला दिसला, प्युरिन असलेल्या भाज्यांमुळे नाही. सांधा सुजून ठणकत असेल तेव्हा थांबा, एरवी अर्धी वाटी खायला हरकत नसावी. डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

भोगीच्या भाजीत मटार का घालतात?

हंगाम आहे म्हणून. संक्रांतीच्या सुमाराला, गड्डा यात्रेच्या दिवसांत मंडईत मटार, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगी सगळं एकदम येतं, आणि ते सगळं पातेल्यात जातं. वर तीळ, सोबत बाजरीची भाकरी. तीन ओली कडधान्यं, तीळ आणि भरड धान्य एका जेवणात. थंडीतलं याहून भरभक्कम ताट मला तरी सुचत नाही.

टरफलांचं काय करावं?

शेंग कोवळी असेल तर टरफलाच्या आतला पातळ, कडक पापुद्रा सोलून काढा. शेंगेचं टोक आतल्या बाजूला मोडून खाली ओढलं की तो अलगद निघतो. उरलेला मऊ भाग बारीक चिरून बटाट्याबरोबर परता, किंवा उकळून गाळून सूपला वापरा. चवीला गोडसर लागतो. जून शेंगांची टरफलं चिवट, ती शेळीपुढे टाका. गल्लीत कोणाकडे ना कोणाकडे असतेच.